काल्पनिक किनारे आणि खरे पाणी

समुद्र मागे सरला आणि जमीन वर आली, ही कल्पना कोकणातील माणसाला नवी नाही. परशुरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटवले आणि कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. द्वारका समुद्रात बुडाल्याची कथाही भारतभर परिचित आहे. किनारा ही कायमची रेषा नव्हे, ती पुढे-मागे सरकू शकते, ही जाणीव अशा कथांच्या मुळाशी आहे. हीच जुनी कल्पना आज एका नव्या माध्यमात वावरताना दिसते. संगणकावर, मोबाइलवर किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत सबंध जगाचे नकाशे रचलेले असतात. त्या जगांत शहरे बुडतात, पर्वत फुटतात, नवी बेटे उगवतात. खेळाडू त्या बुडालेल्या नगरांतून होडी वल्हवतो आणि ढासळलेल्या पुलांवरून वाट काढतो.

अशा वेळी एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. जे जग मुळातच काल्पनिक आहे, त्यातील किनारा किंवा आपत्ती पटण्याजोगी असावी, ही अपेक्षा योग्य आहे काय? काहींच्या मते ती निरर्थक आहे. जेथे अजगर आकाशात उडतात, तेथे पाण्याने नियम पाळावेत असा आग्रह कशासाठी, असे ते विचारतात. हे मत वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु खरे असणे आणि पटण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कादंबरीतील माणसे कधी जन्मलेली नसतात, तरीही त्यांचे वागणे वाचकाला पटावे लागते. काल्पनिक भूगोलालाही हीच कसोटी लागू पडते. समुद्र का चढला याचे कारण लेखकाने हवे ते द्यावे. मात्र एकदा पाणी चढले की ते उताराकडेच वाहिले पाहिजे, सखल भाग आधी बुडाला पाहिजे आणि उंच भाग वर राहिला पाहिजे. कारणाला कल्पनेची मोकळीक असावी, परिणामांना नसावी, असा हा साधा नियम आहे.

हा नियम पारखण्यासाठी प्रथम निसर्ग स्वतः किनारे कसे बदलतो ते पाहणे इष्ट ठरेल. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणाच्या वायव्य भागात ऐंशी किलोमीटरांहून अधिक लांबीचा जमिनीचा पट्टा काही मीटर वर उचलला गेला. माणसाने न बांधलेल्या या बांधाला लोकांनी ‘अल्लाबंद’ असे नाव दिले. त्याच वेळी बांधाच्या दक्षिणेकडील जमीन खचली, सिंद्री येथील किल्ला व वस्ती पाण्याखाली गेली आणि जेथे कोरडे रण होते तेथे विस्तीर्ण सरोवर पसरले. सिंधू नदीच्या एका जुन्या शाखेची वाट या बांधाने अडवली. पुढे १८२६ मध्ये मोठा पूर आला, तेव्हा पाण्याने तो बांध फोडून आपली वाट पुन्हा मोकळी केली. एका बाजूला जमीन वर येणे, दुसऱ्या बाजूला ती खचणे, नदी अडणे आणि काही वर्षांनी तिने बांध फोडणे, असा हा सारा क्रम एखाद्या खेळाच्या नकाशात दिसला असता तर कित्येकांनी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानेही असेच घडवले. त्या दिवशीच्या त्सुनामीची आठवण सर्वांना आहे, पण जमिनीच्या हालचालीची चर्चा तुलनेने कमी होते. ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाला असलेला इंदिरा पॉइंट हा भारताचा सर्वांत दक्षिणेकडील बिंदू होय. तेथील जमीन सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली आणि पूर्वी कोरड्या भूमीवर उभे असलेले दीपगृह पाण्यात आले. याच भूकंपात अंदमानच्या उत्तर भागातील किनारा मात्र वर उचलला गेला. पाण्याखालचे प्रवाळ उघडे पडून मरून गेले. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या नोतो द्वीपकल्पातील भूकंपाने किनाऱ्याचा काही भाग सुमारे चार मीटर उचलला. समुद्र काही ठिकाणी दोनशे मीटरांहून अधिक मागे हटला आणि मासेमारीची छोटी बंदरे कोरडी पडली. धक्के त्यांनी बांधलेले तेथेच राहिले, पण धक्क्याशी पाणीच उरले नाही.

या उदाहरणांवरून एक मोजमाप हाती येते. भूकंपासारखी अचानक घडणारी घटना किनारा काही मीटर वर किंवा खाली नेते. ती शेकडो मीटर उंचीचा डोंगर एका रात्रीत बुडवत नाही. शेकडो मीटरांचे बदलही पृथ्वीवर घडतात, परंतु त्यांना फार दीर्घ काळ लागतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ब्रिटन आणि युरोपचा मुख्य भूभाग तेव्हा जोडलेला होता आणि आज जेथे उत्तर समुद्र आहे तेथे माणसे शिकार करीत होती. बर्फ वितळत गेले तशी ती भूमी हळूहळू पाण्याखाली गेली. त्याला हजारो वर्षे लागली. आज पृथ्वीवर आहे तेवढे सगळे बर्फ वितळले तरी समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. त्यात मुंबई, चेन्नई, कोलकाता ही शहरे जातील, पण सह्याद्री जाणार नाही. तात्पर्य, लहान बदल क्षणात घडू शकतो आणि मोठा बदल युगे लागून घडतो. मोठा बदल क्षणात घडल्याचे दाखवायचे असेल तर त्यासाठी लेखकाला निसर्गाबाहेरचे कारण द्यावे लागते.

या मोजमापाचा विसर पडला की काय होते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून कळते. मोठा भूकंप होऊन कॅलिफोर्निया तुटेल आणि समुद्रात कोसळेल, ही कल्पना तेथील लोकांत रूढ आहे. चित्रपटांनी व खेळांनी ती वारंवार वापरली आहे. ज्या भेगेवर हा सारा डोलारा उभा आहे तिचे नाव सॅन अँड्रियास प्रस्तरभंग. ती सुमारे १,२०० किलोमीटर लांब आहे. तिच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर जात नाहीत. रस्त्यावरून विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांप्रमाणे त्या एकमेकींना घासून सरकतात. हा वेगही वर्षाला काही सेंटीमीटर इतकाच, म्हणजे साधारण नखे वाढावीत तसा आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा विनाशकारी भूकंप झाला, तेव्हा या भेगेवरील काही कुंपणे मधोमध तुटून त्यांची टोके कित्येक मीटर बाजूला सरकली. शहर कोसळले, आगीत जळाले, पण जमिनीचा तुकडा समुद्रात गेला नाही. तो जाणारही नाही, कारण भूखंडाच्या खाली पोकळी नसते. हे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असून खालच्या अधिक जड खडकांवर ते तोललेले असते. जेथे कोसळायला जागाच नाही तेथे काही कोसळत नाही. या भेगेच्या पश्चिमेला असलेले लॉस एंजेलिस शहर उत्तरेकडे सरकत सरकत एक कोटीहून अधिक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारी येऊन बसेल, एवढाच तिचा भविष्यकाळ आहे.

खचणारा किनारा दाखवायचा असेल तर कल्पक माणसाने थोडे उत्तरेकडे पाहावे. वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांच्या किनाऱ्यालगत समुद्राचा तळ भूखंडाखाली सरकतो. तेथे २६ जानेवारी १७०० च्या रात्री प्रचंड भूकंप झाला. किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी दीड-दोन मीटर खाली गेली, खारे पाणी जंगलात शिरले आणि झाडे उभ्याउभ्या मेली. त्यांचे वाळलेले सोट आजही पाणथळ जागांत दिसतात. त्या भूकंपाची त्सुनामी प्रशांत महासागर ओलांडून जपानला पोहोचली. तेथील जुन्या नोंदींमुळेच या भूकंपाची तारीख निश्चित करता आली. मेलेल्या झाडांचे जंगल आणि हजारो किलोमीटरांवरच्या दप्तरातील एक नोंद यांतून उभी राहणारी ही गोष्ट, शहर समुद्रात कोसळण्याच्या देखाव्याहून अधिक रोमांचक आहे. खरेपणाने कल्पनेचे पंख कापले जातात, ही तक्रार अशा उदाहरणांपुढे टिकत नाही. उलट खऱ्या भूगोलाकडे पाहणाऱ्याला अधिक समृद्ध कल्पना सापडतात.

निसर्गाबाहेरचे कारण स्वीकारूनही परिणामांची बूज राखणारे खेळ आहेत. २००२ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा : द विंड वेकर’ हा त्यांपैकी एक. या खेळात दुष्ट शक्तीला रोखण्यासाठी देव एक सबंध राज्य महापुरात बुडवतात. लोकांना डोंगरमाथ्यांवर आश्रय घेण्यास सांगितले जाते. खेळाडू प्रत्यक्षात येतो तो त्यानंतर कित्येक पिढ्यांनी. त्याला दिसतो तो अथांग समुद्र आणि त्यात विखुरलेली लहान लहान बेटे. ही बेटे म्हणजे जुन्या राज्याची शिखरे आहेत, हे त्याला पुढे उमगते. एवढे पाणी निसर्गातून येऊ शकत नाही, हे खरेच. म्हणून तर येथे देवांची योजना आहे. परंतु पाणी आल्यानंतर बेटे लहान का, एकमेकांपासून दूर का, त्यांवर वस्ती विरळ का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच घटनेत मिळतात. आपण एका बुडालेल्या देशाच्या माथ्यावर राहतो, याचा बेटांवरील लोकांना पडलेला विसरही मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

२०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचा ‘कॅटॅक्लिझम’ नावाचा भाग आला. त्यात एक महाकाय अजगर भूगर्भातून उसळून बाहेर येतो आणि खेळातील जगाचा नकाशाच बदलून जातो. पूर्वी उंच दगडी सुळक्यांनी भरलेली एक कोरडी दरी होती. तिच्यात समुद्र शिरतो आणि पाण्यावर सुळक्यांची केवळ वरची टोके उरतात. अजगर खोटा असला तरी दरीत शिरलेला समुद्र पटतो. सखल प्रदेश आणि समुद्र यांच्यामधला अडसर फुटला तर पाणी आत येणारच. भूमध्य समुद्राचा इतिहासही काहीसा असाच आहे. जिब्राल्टरजवळची वाट बंद झाल्याने तो बव्हंशी आटला होता आणि सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकचे पाणी त्यात पुन्हा शिरले, असे भूवैज्ञानिक मानतात. ज्या खेळाडूंनी ती कोरडी दरी पूर्वी पायी तुडवली होती, त्यांना बुडालेली दरी पाहून हुरहुर वाटली असेल, तर ती याच सुसंगतीमुळे. ओळखीची जागा ओळखीच्या रीतीने नष्ट झाली, म्हणूनच तिचे नष्ट होणे जाणवले.

आपत्तीचे कारण माणसाच्या वागण्यात शोधणारे खेळही आता निर्माण झाले आहेत. ‘सिव्हिलायझेशन’ या मालिकेतील सहाव्या खेळाचा ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हा विस्तार २०१९ मध्ये आला. त्यात खेळाडू एका राष्ट्राचा इतिहास घडवतो. कोळसा आणि तेल जाळून कारखाने चालवले की हवेत कर्बवायू साठतो, ध्रुवांवरील बर्फ वितळते आणि समुद्र टप्प्याटप्प्याने चढू लागतो. किनाऱ्यावरील सखल जमीन एक, दोन की तीन मीटर उंचीची आहे, याची खूण नकाशावर आधीच दिसते. ती जमीन प्रथम पाण्याने भरते, पुढे कायमची बुडते. पूररोधक भिंती बांधण्याची सोय आहे, पण त्यांसाठी श्रम व साधने खर्चावी लागतात. नदीचा पूर आणि ज्वालामुखीचा उद्रेक यांनी नुकसान होते, तसेच मागे राहणाऱ्या गाळाने व राखेने जमीन सुपीकही होते. या खेळात काळ फार आखडून घेतलेला आहे, हे मान्य करायला हवे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. एवढ्या संथ गतीने खेळ चालला तर कोणी खेळणार नाही. परंतु काळ आखडणे आणि कार्यकारणभाव मोडणे यांत फरक आहे. नाटकातही वीस वर्षे एका अंकात उरकतात, त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. येथे कारण आणि परिणाम यांची साखळी शाबूत आहे. सखल जमीन कोणती हे आधीच ठाऊक असूनही माणूस तेथेच वस्ती वाढवत राहतो, हे त्यातील निरीक्षण तर अगदी नेमके आहे.

पटण्याजोगेपणाची आणखी एक बाजू काळाशी निगडित आहे. २०२२ मधील ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या खेळात आजपासून सुमारे हजार वर्षांनंतरचा अमेरिकेचा पश्चिम भाग दाखवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा बराचसा भाग पाण्यात आहे आणि वर उरलेल्या भागावर वस्ती झाली आहे. हे शहर टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे समुद्र चढल्यावर त्याचे असेच दृश्य दिसेल; येथे किनाऱ्याचे चित्रण भूगोलाला धरून आहे. परंतु त्याच परिसरात गोल्डन गेट पुलाचे अवशेषही उभे दिसतात. १९३७ मध्ये खुला झालेला हा पोलादी पूल खाऱ्या धुक्यात टिकावा म्हणून त्याच्या रंगकामाची व डागडुजीची सतत काळजी घ्यावी लागते. माणसाचा हात फिरणे थांबले तर पोलाद गंजेल, आणि हजार वर्षांनी ओळखण्याजोगे फारसे काही उरणार नाही. खेळाडूला आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून रचनाकारांनी पूल ठेवला असावा. ही सवलत क्षम्य आहे. तरीही लोखंडाहून दगड अधिक टिकतो आणि दगडाहूनही डोंगराची रेषा अधिक टिकते, हे ध्यानात ठेवून रचलेले भविष्य अधिक पटले असते.

किनारा बदलल्यावर माणसांचे काय होते, या बाबतीत मात्र बहुतेक काल्पनिक जगे कमी पडतात. नकाशावर निळा रंग थोडा आत सरकवला की काम संपले, असे त्यांचे रचनाकार मानतात. प्रत्यक्षात खारे पाणी बुडालेल्या जमिनीपुरते थांबत नाही. ते विहिरींत उतरते, शेतात मुरते. कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तेथे खारभूमीच्या शेतांना बांध घालून उधाणाचे पाणी बाहेर ठेवावे लागते. एकदा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की पाणी ओसरल्यानंतरही जमिनीतले मीठ लगेच जात नाही, आणि भाताचे पीक हातचे जाते. समुद्र जवळ आल्याने जसे नुकसान होते तसे तो दूर गेल्यानेही होते. आजच्या नालासोपाऱ्याजवळ प्राचीन काळी शूर्पारक हे नामांकित बंदर होते. सम्राट अशोकाच्या आज्ञालेखांचे अंश तेथे सापडले आहेत. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे वैभव ओसरले. त्यासाठी भूकंप किंवा अजगर लागला नाही, गाळ पुरेसा होता. ज्या खेळात बुडालेल्या नगराबरोबर खारट झालेली विहीर, बुजलेले बंदर आणि जाळी गुंडाळून दुसरीकडे निघालेली कोळ्यांची वस्ती दिसेल, त्या खेळातील आपत्ती खेळाडूच्या मनात घर करील.

काल्पनिक आपत्तीच्या खऱ्या-खोटेपणाची एवढी चिकित्सा का करावी, असे अजूनही कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, बहुतेक माणसांच्या वाट्याला मोठी आपत्ती आयुष्यात एकदाही येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला ती येते त्यांना विचार करायला काही मिनिटेच मिळतात. त्या मिनिटांत माणूस डोक्यात आधीपासून असलेल्या चित्रावर विसंबतो. पडद्यावरील त्सुनामी बहुधा एकच असते. ती डोंगराएवढी उंच भिंत होऊन येते, कोसळते आणि संपते. खरी त्सुनामी बहुतेक वेळा वेगाने चढत जाणाऱ्या पुरासारखी येते. तिच्या अनेक लाटा असतात, दोन लाटांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो, आणि पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. २००४ मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे हटला. उघडा पडलेला तळ पाहण्यासाठी कित्येक जण खाली गेले. त्याच त्सुनामीत भारत आणि श्रीलंकेच्या बाजूला पाणी आधी चढले. म्हणजे पाणी ओसरले तर पळावेच, पण ते ओसरण्याची वाट पाहत थांबू नये. एक लाट येऊन गेली म्हणून खाली परतू नये. ज्याच्या मनात पडद्यावरची एकच भिंत आहे तो पहिल्या लाटेनंतर सामान आणायला घरी जातो. भारताचा पश्चिम किनाराही या संकटापासून पूर्णपणे सुरक्षित नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाच्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

याउलट, खरी गोष्ट सांगणारी परंपरा काय साधते याचे उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए या बेटावर सापडते. १९०७ मध्ये त्या बेटावर त्सुनामी आली आणि पुष्कळ माणसे दगावली. वाचलेल्यांनी तिची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात साठवली आणि गोष्टींतून, मुलांना निजवताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतून ती पुढच्या पिढ्यांना दिली. जमीन जोराने हलली आणि पाणी मागे गेले तर डोंगराकडे धावायचे, एवढाच तिचा आशय. सत्त्याण्णव वर्षांनी, २००४ च्या भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही त्या बेटावरील सुमारे ७८ हजार रहिवाशांपैकी फक्त ७ जण मृत्युमुखी पडले. तेथे सूचना देणारे यंत्र नव्हते. हैदराबाद येथील भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्रही त्यानंतर, २००७ मध्ये सुरू झाले. बेटावरच्या लोकांजवळ होती ती एक गोष्ट, आणि त्या गोष्टीतले पाणी खऱ्या पाण्यासारखे वागत होते. लहानपणी मनोरंजन म्हणून ऐकलेले काय उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. आजच्या पिढीच्या गोष्टी बऱ्याच अंशी खेळांतून येतात, म्हणून त्या खेळांवरही काही जबाबदारी येते.

ही जबाबदारी माहितीपुरतीच आहे असे नाही, ती संवेदनशीलतेचीही आहे. २००२ मध्ये जपानमध्ये एक खेळ आला. त्याच्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘हताश नगर’ असा होतो. समुद्रात भराव घालून तयार केलेल्या बेटावरील शहर भूकंपानंतर खचू लागते आणि खेळाडूला तेथून निसटायचे असते, अशी त्याची रचना होती. ही कल्पना हवेतली नव्हती. १९९५ च्या कोबे येथील भूकंपात भरावाच्या बेटावरील जमीन पाणी व वाळूच्या रबडीसारखी झाली होती, आणि ओसाकाजवळील कान्साई विमानतळाचे कृत्रिम बेट बांधल्यापासून सतत खचत आहे. सात बेटांमधील खाड्या बुजवून उभ्या राहिलेल्या मुंबईलाही भरावाच्या जमिनीचा विचार करणे भाग आहे. या मालिकेचा चौथा खेळ तयार होत असताना ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आली. काही दिवसांतच तो खेळ रद्द करण्यात आला, आणि पुढे २०१८ मध्ये प्रकाशित झाला. हजारो कुटुंबे शोकात असताना त्याच संकटाचा खेळ बाजारात आणणे कोणालाही उचित वाटले नसते. आपत्ती खरी वाटावी असा आग्रह धरणाऱ्याने, ती कोणावर तरी खरोखरच कोसळली होती याचाही विसर पडू देऊ नये.

या सर्व विवेचनाचा अर्थ प्रत्येक खेळ भूगोलाचा धडा व्हावा, असा मुळीच नाही. खेळात मौज हवी, आश्चर्य हवे, अशक्य गोष्टीही हव्यात. देवांनी समुद्र चढवावा, अजगराने पर्वत फोडावेत. मात्र खेळ रचणाऱ्याने आणि खेळणाऱ्यानेही तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. हे पाणी आले कोठून? त्याला किती वेळ लागला? आणि ते आल्यावर तेथील माणसांनी काय केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चमत्कार असले तरी चालेल. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याशी जुळले पाहिजे. तिसऱ्याचे उत्तर मात्र माणसांच्या खऱ्या अनुभवातूनच यायला हवे. हे प्रश्न विचारायला मोठ्या शिक्षणाची गरज नाही. गावातील कोणता भाग पुरात आधी बुडतो आणि कोणत्या टेकडीवर कधीच पाणी येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो कोणत्याही काल्पनिक नकाशाची परीक्षा करू शकतो. आणि ज्याला ते ठाऊक नाही, त्याने खेळातील नकाशा बाजूला ठेवून एकदा आपल्या गावाचा नकाशा पाहावा, हे उत्तम.